मढची ओळ

माझं अक्षर सुरेख आहे. शाळेपासून सगळे म्हणायचे, आणि मीही त्याचा तोरा मिरवत आले. एचआयव्हीची तपासणी करणाऱ्या संस्थेत लागले, तेव्हा साहेबांनी माझी वही सगळ्यांना फिरवून दाखवली होती. खाडाखोड नाही, एकही रकाना रिकामा नाही.

दर मंगळवारी आमची व्हॅन मढच्या मासळी बंदरावर जायची, बोटींवरच्या खलाशांना तपासायला. प्रत्येक फॉर्मवर 'गट' असा रकाना होता. खलाशी, ट्रकचालक, असे पाच-सहा गट. तो भरला नाही तर संगणक फॉर्म पुढे सरकू देत नसे. आता मंगळवारी सकाळी अकरा वाजता खलाशी कुठे असणार? समुद्रात. हे तिथल्या मांजरांनाही ठाऊक होतं. वेळ बदला, असं मी दोनदा सांगितलं, मग कंटाळले. संध्याकाळी वहीतल्या अहवालात मढच्या ओळीपुढे 'बाधित: शून्य' लिहायचे. तपासायला कोणी आलंच नाही, हे लिहायला त्यात जागा नव्हती. कागदी घोडे नाचवण्यात मीही तरबेज झाले.

एका मंगळवारी व्हॅनपाशी एक बाई आली. पन्नाशीची असेल. वलांड्यांवर, म्हणजे उभ्या-आडव्या बांबूंच्या सांगाड्यांवर, बोंबील वाळत घालायच्या कामाला होती. पदराला हात पुसत म्हणाली, "ताई, माझी पण कर ना टेस्ट."

"मावशी, हे खलाशांसाठी आहे."

"माझा नवरा बोटीवरच होता."

"मग त्यांना पाठवा."

ती जराशी हसली. "त्याला जाऊन दोन वर्षं झाली गं. सुकत सुकत गेला."

तेव्हाच मी उठायला हवं होतं. किट समोर होतं, बोटातून एक थेंब काढायचा होता. पण मी गटांची यादी वाचत बसले. मासळी सुकवणारी, पन्नाशीची विधवा त्यात कुठेच बसेना. गरोदर असती तर दवाखान्यात आपसूक तपासली गेली असती. सरकारी इस्पितळात जा, म्हटलं. "कामाचा खाडा होईल," ती म्हणाली, आणि जाताना मूठभर सुका जवळा पुडीत बांधून माझ्या हातात दिला. मी तो घेतला. घरी कांद्यावर परतला. चवीला छान होता.

सातेक महिन्यांनी अंधेरीच्या एका इस्पितळात कागद द्यायला गेले होते. वॉर्डातून तिनेच हाक मारली. मी ओळखलं नसतं, इतकी थोडी उरली होती. टीबी झाला होता, आणि त्याच्या मुळाशी एचआयव्ही.

"झाली बघ टेस्ट," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. मी तिचा हात धरून रडायला लागले, तर तीच माझी समजूत घालू लागली. "तुला पण कागद बघावा लागतो ना." पुढच्या आठवड्यात ती गेली.

वर्षाच्या शेवटी बैठकीत साहेब म्हणाले, मढची ओळ वर्षभर स्वच्छ आहे, व्हॅन दुसरीकडे वळवू. मी उभी राहून तिची हकिकत सांगितली. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी चष्मा काढून सगळं ऐकून घेतलं, मग हळूच विचारलं, "पण त्या बाईंना कुठल्या गटात दाखवायचं?" बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात. आमच्याकडे झोपाही झाला नाही. व्हॅन मुलुंडला गेली.

नोकरी सोडली त्या दिवशी वही परत करण्याआधी मी तो मंगळवार काढून पाहिला. मढ, शून्य, माझ्या सुरेख अक्षरात. एक बाई स्वतःच्या पायांनी आली होती, मला तपास, असं म्हणाली होती, आणि मी तिला परत पाठवलं, हे त्यात कुठेच नाही.