डाव्या बाजूचा इअरबड

मी चौदा वर्षं चाकणच्या एका कंपनीत माल तपासते. गाडीच्या सीटला लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट आमच्याकडे बनतात आणि बाहेर पडायच्या आधी माझ्या टेबलावरून जातात. माझ्या हाताखालून नापास माल सुटत नाही असा माझा लौकिक आहे, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्वही आहे. घरच्यांना मात्र त्याचा जाच होतो. मला बघितलं की आमच्या कोपऱ्यावरची भेंडीवाली पाटी मागे ओढते. नवरा म्हणतो, "तू लग्नाआधी या नोकरीला लागली असतीस तर मी पासच झालो नसतो." त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

अशा बाईने स्वस्तातले, वायर नसलेले इअरबड घ्यायचे ठरवले त्याला कारण माझी मुलगी. ती मिरजेला नर्सिंग शिकते, होस्टेलवर राहते. तिची ड्यूटी आणि माझी पहिली शिफ्ट दुपारी साधारण एकाच वेळी सुटते, म्हणून मी कंपनीच्या बसमध्ये असताना ती फोन करायची. चाकणहून पिंपळे गुरवला यायला तास लागतो, मोशीला अडकलो तर दीड. तेवढा वेळ आम्हा दोघींचा. पण उजव्या हातात डब्याची पिशवी, फोन डाव्या कानाला, खाली इंजिनाची घरघर, खिडक्यांचा खडखडाट आणि मागच्या बाकावर सासवांची उणीदुणी. तिचं निम्मं बोलणं मला कळायचंच नाही. मी आपली "हं, बरं, छान" म्हणत राहायचे.

एके दिवशी ती बराच वेळ बोलली. आवाज हळू होता. मी नेहमीसारखंच काहीतरी उत्तर दिलं. मग ती मला नीट ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "आई, तू ऐकतच नाहीस गं." आणि फोन ठेवला.

त्यानंतर ती वडिलांना फोन करायला लागली. मला नुसते मेसेज. "जेवले." "झोपते." तीन आठवडे असेच गेले. लहानपणी शाळेतून आल्यावर दप्तर न काढता दिवसभराचं सांगत सुटणारी पोर मला दोन शब्दांवर ठेवत होती, आणि मला रोज बसमध्ये रिकामं बसून रडायला यायचं. दोष मी बसला दिला, रेंजला दिला, फोनला दिला. शेजारच्या सीटवरची बाई कानात इअरबड घालून गावाकडच्या बहिणीशी आरामात गप्पा मारायची. मला वाटलं, हे घेतले की झालं.

पिंपरीत मोबाइलच्या दुकानांची ओळच आहे. त्यातल्या एका दुकानात नवऱ्याला घेऊन गेले. हजाराच्या आसपासचे दाखवा म्हटलं, तर दुकानदाराने सहा डब्या मांडल्या. मी प्रत्येक डबीचं झाकण उघडून-मिटून बिजागरी किती खेळते ते बघायला लागले. दुकानदार म्हणाला, "ताई, गाणी ऐकायची का दार बसवायचं?" मी म्हटलं, "झाकण ढिलं असेल तर बड पिशवीत सांडतील, मग गाणी कोण ऐकणार?" त्याने हात जोडले. शेवटी एक काळी डबी पसंत पडली. सात दिवसांत बदलून मिळेल असं त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

घरी आल्यावर मी जुन्या वहीत तक्ता आखला. कंपनीत नवीन पार्ट आला की आखतो तसाच. पहिल्या रकान्यात काय तपासायचं, पुढच्यात निकाल, ओके किंवा एनजी. एनजी म्हणजे नापास, लाल पेटीत. नवरा चहा पीत बघत होता. म्हणाला, "काय करायलीस हे? मंगळावर पाठवायलीस का त्यांना?"

तर निकाल असे. रबराच्या टोप्या तीन मापांच्या, मधली बसली. मान हलवली, शेंगदाणे चावले, पोळ्या लाटल्या, पडले नाहीत. ओके. खोक्यावर लिहिलेले तास चार्जिंग टिकतं का, तर नाही, पण माझ्या जाण्यायेण्याचे तीन दिवस आरामात जातात. ओके. बाहेरचा आवाज बंद होतो असं खोक्यावर मोठ्या अक्षरात होतं. कुकरच्या शिट्टीपुढे त्यांचं काही चाललं नाही. खोक्याला एनजी, बडला ओके. ओढणी सारखी केली की तिचा स्पर्श लागून फोन कट होतो. हा दोष बायका वापरणार हे ध्यानात न घेतल्याचा, पण ओढणीला पिन लावून भागतं. माझा आवाज पलीकडे कसा जातो हे बघायला नवऱ्याला जिन्यात उभं केलं. तो म्हणाला, "जरा जास्तच चांगला यायलाय."

शेवटचा रकाना, डाव्या आणि उजव्याचा आवाज सारखा का. उजवा खणखणीत. डावा कमी, पडद्याआडून बोलल्यासारखा. एनजी.

मला तर बरंच वाटलं. चोर सापडला की पोलिसाला वाटत असेल तसं. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. दुकानदाराने बड पुसून स्वतःच्या कानात घातले आणि म्हणाला, "ताई, मला तर दोन्ही सारखे येतात." मी म्हटलं, "तुम्हाला विकायचंय, तुम्हाला येणारच." त्याने नवीन डबी काढून दिली. घरी येऊन तपासलं, तर तिचाही डावा कमी. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा दुकानात. या वेळी चार गिऱ्हाइकांपुढे मी त्याला सुनावलं की एकाच लॉटचा भंगार माल गळ्यात मारताय. त्या माणसाचा चेहरा पडला. तरी म्हणाला, "घेऊन जा ताई, तिसरी. तुमचं समाधान व्हायला पाहिजे." तिसऱ्या डबीचाही डावा कमी.

पुढचं घडलं ते माझ्या टेबलावर. आमच्याकडे चाकणजवळच्याच गावातली एक नवी मुलगी लागली होती, माझ्या हाताखाली शिकत होती. त्या सकाळी तिने एक अख्खा ट्रे लाल पेटीत टाकला. मी विचारलं तर म्हणाली, "ताई, एक बी भोक बसत न्हाई गेजमधी. सगळा माल खराब हाय." गेज म्हणजे माप बघायचा लोखंडी साचा, पार्ट त्यात बसला की पास. मी तिच्यावर खेकसले. "एक पार्ट नापास झाला तर पार्ट बघायचा. ओळीने सगळेच नापास झाले तर आधी गेज बघायचा. किती वेळा शिकवलं? गेजवर तारखेचा स्टिकर कशाला असतो? गेज पण झिजतो, गेज पण..."

आणि मी तिथेच थांबले. ती पोरगी माझ्याकडे बघत राहिली.

तीन डब्या ओळीने नापास झाल्या होत्या. आणि गेज तपासायचं एवढ्या दिवसांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मी कँटीनच्या मागे गेले. डावा बड उलटा धरून कसाबसा उजव्या कानात बसवला. खणखणीत. उजवा डाव्या कानात घातला. पडद्याआडून. तीन-तीनदा करून बघितलं. मग पायरीवर बसून राहिले. डबा तसाच राहिला.

माझ्या टेबलाच्या डाव्या हाताला प्रेस शॉपचं शटर आहे. तिथे दिवसभर पत्र्यावर ठोके पडतात. कानात घालायला कंपनी बोळे देते, नारिंगी, दोरीला बांधलेले. आम्ही सगळ्या ते गळ्यात घालायचो, मंगळसूत्राला जोड म्हणून. ऑडिटर आला की कानात, गेला की गळ्यात. बोळे घातले की गप्पा ऐकू येत नाहीत ना! आणि वर्षातून एकदा कानाची तपासणी व्हायची. काचेच्या खोलीत बसायचं, बाहेरचा माणूस मशीनवरून बारीक शिट्टी सोडणार, ती हेडफोनमध्ये ऐकू आली की बटण दाबायचं. जुन्या बायकांनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, "शिट्टी ऐकत बसू नकोस. काचेतून त्या माणसाचा कोपर बघ. कोपर हलला की दाब." कान नापास झाले की लाइनवरून काढतात अशी बोलवा होती. मी तेव्हा कंत्राटावर होते. मी कोपर बघितला. पुढे कायम झाले तरी सवयीने कोपरच बघत राहिले. चौदा वर्षं दुसऱ्याचा माल केसाएवढ्या फरकासाठी परत पाठवणारी मी, स्वतःला मात्र डोळ्यांदेखत पास करत आले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्या आठवड्यात मी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. तिथेही तीच काचेची खोली होती. मी डोळे मिटून घेतले. बराच वेळ बटण दाबायची पाळीच येत नव्हती. डॉक्टर बाई होत्या, तरुण. कागदावरची खाली गेलेली रेघ दाखवून म्हणाल्या, "काकू, डाव्याचं गेलं ते परत येत नाही. पण उजवा चांगला आहे, आणि डाव्यातही जे उरलंय ते राखता येईल. बोळे घालायचे. आणि इअरबडचा आवाज कमी ठेवायचा. लवकर आलात हे फार बरं झालं." मला लवकर कशाने आणलं, हे त्यांना सांगितलं तर हसल्या. मला रडू आलं, पण ते दुःखाचं कमी आणि सुटल्याचं जास्त होतं. आणखी पाच वर्षं बसला शिव्या देत गेली असती तर?

कंपनीत कागद दाखवला. कुणी काढलं नाही. माझं टेबल शटरपासून लांब, स्टोअरच्या भिंतीकडे हलवलं, एवढंच. बोळे आता कानात असतात. त्या नव्या मुलीला मी साडी घेतली. ती म्हणाली, "आवो, मी तर माल चुकीचा टाकला व्हता, आन् साडी कशापायी?" मी म्हटलं, "घे मुकाट्याने."

दुकानदाराकडे जायला मात्र लाज वाटत होती. पेढे घेऊन गेले, तर मला बघताच त्याने चौथी डबी काढून काउंटरवर ठेवली. मी म्हटलं, "तुमचा माल चांगला होता भाऊ. माझा कान खराब होता." चार गिऱ्हाइकांपुढे सुनावलं होतं, म्हणून दुकानात चार गिऱ्हाइकं जमेपर्यंत थांबून हे म्हणाले. तो चौथी डबी आत ठेवत म्हणाला, "ताई, माझ्या वडिलांना पण कमी ऐकू येतं. ते अजून टीव्हीच बदलतायत." या माणसाने तीनदा न भांडता डबी बदलून दिली नसती, एकदाच हाकलून दिलं असतं, तर मी आजही त्याला फसवा आणि स्वतःला शहाणी समजत बसले असते. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

राहिली माझी मुलगी. मी तिला मेसेज केला, "उद्या बसमध्ये फोन कर. एकदाच." तिने केला. मी खिडकीशी बसले होते, ओढणीला पिन लावून, उजव्या कानात बड. तिला सगळं सांगितलं. ती नर्सच होणार, आधी बोळ्यांवरून मला झापलं, मग कोपराचं ऐकून आणखी झापलं. तिचा शब्द न् शब्द येत होता. शिव्याही इतक्या स्पष्ट येत होत्या की मला हसूच आलं.

मग मी म्हणाले, "त्या दिवशी तू काहीतरी सांगत होतीस. मला ऐकू आलं नव्हतं गं. खरंच नाही. परत सांगशील?"

बस मोशीच्या सिग्नलला उभी होती.

"माझ्या वॉर्डमधली आजी गेली होती," ती म्हणाली. "पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यासमोर गेलं. शेवटपर्यंत माझा हात धरला होता तिने. मी तुला सांगितलं, तर तू म्हणालीस, छान, आता जेवून घे."

मी "चुकलं माझं," एवढंच म्हणाले.

"नाही गं आई. तुला ऐकूच आलं नव्हतं ना," ती म्हणाली. आणि मग दप्तर न काढता सांगायची तशी सुरुवातीपासून सांगायला लागली. आजी कुठल्या गावची होती, कॉफीच कशी मागायची, हिला कोणत्या नातीच्या नावाने हाक मारायची. सिग्नल सुटला, भोसरी गेली, नाशिक फाटा गेला. मी मधे "हं" सुद्धा म्हटलं नाही. माझा स्टॉप आला तेव्हा ती आजीच्या हातापर्यंत पोचली होती. ड्रायव्हरने आरशातून बघितलं, मी मानेनेच पुढे चल म्हटलं, आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत बसून राहिले.