‘चालेल’ लिहिलेलं बटण

बाळांनो, तुमच्या आजोबांच्या बॅडमिंटनच्या जोडीदाराइतका जपून जगणारा माणूस अख्ख्या न्यूझीलंडमध्ये दुसरा नसेल. पुण्याच्या एका कारखान्यात त्यांनी सारी नोकरी सुरक्षा-अधिकारी म्हणून केली आणि मुलाकडे ख्राइस्टचर्चला कायमचे राहायला आल्यावर ते पद आपणहून पुढे चालू ठेवलं. आमच्याकडे जेवायला आले की आधी ओट्याखाली वाकून गॅसची नळी बघत, मग आमटी कशी झालीय ते विचारत. कोर्टवर पडलेलं फूल उचलण्यापूर्वी हात वर करून खेळ थांबवत. रस्ता रिकामा असला की त्यांना जास्तच संशय येई.

अशा माणसाने जुनं मोटरहोम, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी घेतली, ती माईंसाठी. माई म्हणजे त्यांची बायको. टेकापोच्या तळ्याकाठी मुक्काम करायचा आणि सकाळी गाडीचं दार उघडून, हातात चहाचा कप घेऊन ते निळं पाणी बघायचं, एवढीच त्यांची इच्छा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यांची मधली नजर हळूहळू जाणार. म्हणून घाई होती.

त्या गाडीची दाराखालची पायरी बाहेर राहिली तर बझर वाजे आणि इंजिन सुरूच होत नसे. पायरी आत आहे हे डोळ्यांनी बघूनही गाडी ऐकेना, तर तो पहारा तेवढ्यापुरता बाजूला सारायला डॅशबोर्डवर एक ओव्हरराइड बटण होतं. माईंना बारीक अक्षरं दिसत नसत, म्हणून त्यांनी प्रत्येक बटणाखाली ठळक मराठी पट्टी चिकटवली. या एकाच बटणाला शब्द सापडेना. “सुरक्षा-अतिक्रमण कसं वाटतं?” त्यांनी मला गंभीरपणे विचारलं.

“अहो, महापालिका हटवायला येईल,” माई म्हणाल्या. “सरळ ‘चालेल’ लिहा.”

त्यांनी लिहिलं. आणि मग आल्यागेल्या प्रत्येकाला त्या बटणासमोर उभं करून व्याख्यान. “हे धोका घालवत नाही. वॉचमनला चहाला पाठवलं म्हणून चोर घरी जात नाही. समजलं?” समजलं म्हटल्याशिवाय ते कुणाला खाली उतरू देत नसत.

निघायच्या दिवशी गोधड्या, चकल्या, सगळं भरून झालं. किल्ली फिरवली आणि बझर सुरू. पायरी तर आत होती. त्यांनी गुडघे टेकून पाहिली, मी पाहिली, जँडल्स, म्हणजे रबरी चपला घातलेल्या शेजारच्या किवी आजोबांनी तिला लाथ मारूनही पाहिली. “स्वीट ॲज, मेट! सगळं झकास आहे! दाब ते ओव्हरराइड आणि नीघ!”

“पायरी आत आहे हे आपल्याला दिसतंय,” आमचे सुरक्षा-अधिकारी आम्हाला म्हणाले. “गाडीला दिसत नाहीये.”

“मग गाडीला विचारताच कशाला?” माई म्हणाल्या. “ते बघा, चालेल म्हणतंय.”

“ते मी लिहिलंय!”

“तेच म्हणते मी. निदान स्वतःचं तरी ऐका.”

आम्ही हसलो, तेही हसले. बटण मात्र दाबलं नाही. तीन तासांचा तर रस्ता, आमच्या गाडीतून चला, असं मी माईंना बाजूला घेऊन म्हटलं. “नको हो,” त्या म्हणाल्या, “किती हौसेनं घेतलीय त्यांनी.” आणि गोधड्या पुन्हा घरात गेल्या.

पायरीचा सेन्सर परदेशातून यायचा होता. तो येईपर्यंत थंडी पडली. मग घाटात बर्फ, मग गॅसची तपासणी, मग टायर. ते कधीच नाही म्हणाले नाहीत, ‘एवढं झालं की निघू’ म्हणत राहिले. अखेर पुढच्या उन्हाळ्यात गेले. तोवर माईंना समोरच्या माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे.

परतल्यावर ते एकटेच आमच्याकडे आले. “वहिनी, ते बटण बरोबर त्याच दिवसासाठी होतं,” म्हणाले. “सगळ्या जगाला समजावलं मी. मलाच कळलं नाही.”

तळ्यापाशी माईंनी विचारलं होतं, “रंग कसा आहे हो?”

“निळा.”

“निळी तर आपली बादलीही आहे. नीट सांगा.”

मग जन्मभर फक्त सूचना लिहिलेला तो माणूस दगडावर बसून सांगू लागला. तुझ्या बहिणीच्या लग्नात तू नेसली होतीस ना, त्या शालूसारखा. पण त्यात कुणी थोडं दूध ओतल्यासारखा. काठाशी फिका, मध्ये गडद. माई ऐकत होत्या, आणि ते डोळे पुसायला एकदम थांबले.

“काय झालं?” माईंनी विचारलं. “ढग आला का?”

मला हे सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते. “ढग नव्हता हो वहिनी,” म्हणाले. “लख्ख ऊन होतं. मी ‘हो, आला’ म्हणून सांगितलं.”