परवा बघा तिला

आमच्या इमारतीत जिन्याखालच्या जागेत इस्त्रीचे दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणतात, मीही. शर्ट हातात आला की कॉलर उलटून पाहायची मला सवय आहे. त्यांच्या कामात ती अजून एकदाही उपयोगी पडलेली नाही. चुरगळलेले काही दाराबाहेर जाऊ द्यायचे नाही, हा त्यांचा बाणा. गिऱ्हाईक नसले की ही पिशव्यांनाही इस्त्री करते, असे त्यांचे यजमान चेष्टेने म्हणतात. यजमान लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात, त्यामुळे ही चेष्टा बहुतेक वेळा फोनवरून होते.

त्यांची एकुलती एक मुलगी भिंगरी. खरे नाव शाळेच्या हजेरीपुरते. लहानपणी ती जिना अशी गरगरत उतरायची की खालून येणाऱ्याने कठड्याला चिकटून उभे राहायचे. आठवीत असताना घरातल्या तिघांनाही ताप आला. आईवडील उठून कामाला लागले. भिंगरीचाही ताप उतरला, पण तिच्या अंगातली ताकद परत आली नाही.

सुरुवातीला कोणी मनावर घेतले नाही. अशक्तपणा आहे, खाल्ले-प्यायले की भरून निघेल. पण निघेना. त्यात अडचण अशी की ज्या दिवशी ती शाळेत जायची, त्या दिवशी बरी असायची. कोसळायची ती एक-दोन दिवसांनी. मग उजेड सोसायचा नाही, बोललेले डोक्यात शिरायचे नाही, पाण्याचा पेला दोन हातांनी धरावा लागायचा. काही दिवस अंथरुणाला खिळून राहायची, हळूहळू उठायची, शाळेत जायची आणि पुन्हा तेच. शाळेतल्या बाईंना एवढेच दिसायचे की मुलगी सोमवारी हसत येते आणि मग आठवडाभर गायब होते. एकदा खेळाच्या सरांनी, नाटक पुरे झाले म्हणत, तिला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. त्यानंतर ती अंथरुणातून उठली खरी, पण पूर्वीइतकी बरी झाली नाही. तेव्हापासून तिला तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून एकटीने खाली उतरता आले नाही. जे गेले ते परत येत नाही, ही धास्ती वहिनींच्या मनात तेव्हाच बसली.

डॉक्टर पुष्कळ झाले. रक्त तपासून झाले, छातीचे आणि डोक्याचे फोटो काढून झाले. सगळे रिपोर्ट स्वच्छ. गल्लीतल्या डॉक्टरांनी शक्तीच्या गोळ्या देऊन पाहिल्या आणि हात टेकले. दुसऱ्या एकाने भिंगरीला बाहेर बसवले आणि घरात भांडणे होतात का, असे विचारले. भांडायला नवरा घरी असावा लागतो, असे वहिनींनी सांगितले. डॉक्टरांना हसू आले नाही. त्यांनी केसपेपरवर काहीतरी लिहिले. यजमानांचे मतही डॉक्टरांच्याच बाजूला. तू तिला डोक्यावर बसवून ठेवलंयस, हे ते फोनवर इतक्या मोठ्याने सांगत की कपडे घ्यायला आलेल्यांनाही ऐकू जाई.

शेवटी मोठ्या हॉस्पिटलातल्या मुलांच्या विभागात जायचे ठरले. वहिनी मला सोबत नेत. मला आजारातले काही कळत नाही. पण तुम्ही फाइल धरून बसलात की डॉक्टर जरा नीट बोलतात, असे त्यांचे म्हणणे. जायच्या आधी दोन दिवस त्या भिंगरीला पलंगावरून हलू देत नसत. नाहीतर तिला तिथवरचा प्रवासच झेपला नसता. निघताना कडक इस्त्रीचा ड्रेस, घट्ट वेण्या, चेहऱ्याला हलकी पावडर. विभागप्रमुख मान वर करून पाहत, तेव्हा त्यांच्यासमोर एक टवटवीत मुलगी बसलेली असे.

"ताई, हिच्याकडे बघून कोणी म्हणेल ही आजारी आहे?"

"आज नाही हो, डॉक्टर. परवा बघा तिला."

"परवा माझी ओपीडी नसते."

हे गृहस्थ वाईट नव्हते. बाहेर रांग लागलेली असे आणि त्यातली कितीतरी मुले खरोखर धापा टाकत असत. तिसऱ्या भेटीत त्यांनी निर्णय सांगितला. मुलगी झोपून झोपून कमजोर झाली आहे. तीन आठवडे वॉर्डात राहील, रोज चालेल, सायकल मारेल. तेवढे दिवस आईने भेटायला यायचे नाही, कारण आई समोर असली की मुलीला आजारी पडायची सवय लागली आहे. पुढच्या आठवड्यात दाखल करायचे. आई तयार नसेल, तर ती उपचाराच्या आड येते असे बालकल्याण समितीला कळवावे लागेल, आणि समिती मुलीला आईपासून काढूनही घेऊ शकते. वहिनींनी माझ्याकडे पाहिले. माझ्या हातात फक्त फाइल होती.

संध्याकाळी ती फाइल द्यायला मी वर गेलो. भिंगरी भिंतीकडे तोंड करून पडली होती. वहिनी सांगत होत्या की पळून जाऊ, मावशीकडे जाऊ, नवी डॉक्टरीण शोधू. भिंगरी न वळताच म्हणाली, "आई, चूक आपलीच आहे. मी आजारी नसते तेव्हाच तू मला त्यांच्याकडे नेतेस."

वहिनींनी, आजारी असतेस तेव्हा नेऊ कशी, असे काहीसे पुटपुटल्यासारखे विचारले.

"उचलून. पण आधी मला आजारी पाडायला लागेल."

दाखल व्हायच्या दोन दिवस आधी मी ऑफिसला निघालो, तर मायलेकी जिना उतरत होत्या. भिंगरीचा एक हात कठड्यावर होता, दुसरा आईच्या खांद्यावर. कुठे निघालात, विचारले. "फिरायला, काका," ती म्हणाली, "रजा आहे माझी आज." त्या बाजारात पायी गेल्या. तिने केसांची क्लिप घेतली, बागेच्या बाकावर बसून आईस्क्रीम खाल्ले, शाळेसमोर उभी राहून मैत्रिणींशी बोलली. संध्याकाळी मी परतलो तेव्हा ती दुकानासमोरच्या स्टुलावर बसून यजमानांची फोनवरची नक्कल करत होती, 'डोक्यावर बसवलंयस' त्यांच्याच खर्जात, आणि वहिनी हसता हसता डोळे पुसत होत्या. तिला इतकी बोलकी मी वर्षभरात पाहिली नव्हती. मजा आली ना, म्हणून वहिनी तिला पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

दाखल व्हायच्या दिवशी मी आणि समोरच्या किराणावाल्याने तिला खुर्चीवर बसवून खाली आणले. अंगात रात्रीचाच गाऊन, केस विस्कटलेले, डोळ्यांवर ओढणी. जिन्यात वहिनींनी सवयीने तिच्या गाऊनची सुरकुती हाताने सारखी करायला घेतली आणि मध्येच हात मागे घेतला.

विभागप्रमुखांनी तिला तपासायला बसवले, तशी ती एका बाजूला कलंडली. त्यांनी नाडी धरली, आडवे केले, पुन्हा धरली, पुन्हा बसवले. तिला नाव विचारले. ओठ हलले, शब्द आला नाही. मग त्यांनी स्वतः उठून खोलीतला दिवा बंद केला.

"हिला आधी कधी अशी का नाही आणलीत?"

"अशी आणायची तर अशी करावी लागते, डॉक्टर," वहिनी म्हणाल्या. "परवा बाजारात नेली होती."

डॉक्टरांनी वॉर्डाचा कागद फाडला आणि नव्या कागदावर लिहून दिले: व्यायाम नाही, शाळेची सक्ती नाही, विश्रांती. समितीचे नाव पुन्हा निघाले नाही. दोन-तीन आठवड्यांत ही पूर्वीसारखी उठून बसेल, असेही त्यांनी सांगितले. ते मात्र त्यांना माहीत नव्हते.

ती उठून बसली नाही. याला आता वर्ष होत आले. खोलीला जाड पडदा आहे. पूर्वी ती स्वतःची वेणी घालायची, खिडकीतून खालच्या गिऱ्हाइकांना नावे ठेवायची. आता वहिनी तिला चमच्याने भरवतात आणि शेजारी बसतात, न बोलता, कारण बोलण्यानेही ती थकते. दुकान अर्धा दिवस बंद असते. यजमान आता फोनवर हळू बोलतात.

गेल्या महिन्यात शर्ट आणायला वर गेलो, तर वहिनी दाराबाहेर आल्या. त्यांनी आवाज खाली आणून विचारले, "भाऊजी, वॉर्डात ठेवली असती तर यापेक्षा वाईट झालं असतं ना?"

झाले असते, मी म्हणालो. मला ते माहीत नव्हते, आणि मला माहीत नाही हे त्यांना कळले. तरी त्यांनी मान हलवली, शर्ट माझ्या हातात दिले आणि आवाज न करता दार लोटून घेतले.