न बांधलेला साकव

पानशेतच्या वरल्या अंगाला धनगरवस्तीवर राहणाऱ्या बनाबाई ढेबे यांच्याकडे सामाजिक भांडवल आहे, हे त्यांना साठीत कळलं. तोवर आपल्याकडे म्हशी आहेत एवढीच त्यांची समजूत होती.

हा शोध पुण्याच्या प्रेरणाबाईंचा. त्या अर्थशास्त्रज्ञ. वस्तीखालच्या ओढ्यावरचा लाकडी साकव दर पावसाळ्यात वाहून जातो आणि दसरा झाला की बनाबाई इर्जिक घालतात; म्हणजे सगळ्या वस्तीला हाक मारायची, साकव उभा करायचा आणि वर मटणाचं जेवण. प्रेरणाबाई महिनाभर राहिल्या, साकवाच्या वाशांना हात लावला आणि मनापासून लिहून गेल्या, की संकटातून स्वतःच्या बळावर सावरणारी अशी वस्ती विरळा.

वरच्या एका साहेबांनी ते वाचलं. त्यांनाही पटलं. वस्तीसाठी ठरत आलेला सिमेंटचा पूल त्यांनी दुसऱ्या गावाला दिला. ही मंडळी समर्थ होती.

हे सगळं वस्तीवरही कळलं. यंदाही बनाबाईंनी हाक मारली, मटण रांधलं. वाशांना मात्र कुणाला हात लावू दिला नाही. "आपन बांदतूय म्हनूनच पूल मिळंना. औंदा बांदायचा न्हाई."

"आन् दूध पल्याड कसं न्यायचं?" दीर गेनबांनी विचारलं. "कमरंएवढं पानी हाय."

"खवा करू."

"रोज खवा खाऊन मरायचं व्हय, वैनी?"

"मरा की, भावजी. साहेबाला कळंल तरी, आपन समर्थ न्हाई ते."

आठवडाभर खवा खाल्ल्यावर गेनबा एका पहाटे वासा खांद्यावर घेऊन निघाले. बनाबाई वाटेत आडव्या बसल्या. "जायचं तर मला वलांडून जावा." थोरल्या भावजयीला ओलांडायचं कसं? गेनबांनी वासा टाकला आणि ते धार काढायला माघारी गेले.

दिवाळीनंतर प्रेरणाबाई पुन्हा आल्या, पल्याडच्या काठावर थबकल्या.

"मावशी, साकव कुठंय? भांडणं झाली का वस्तीत?"

"छ्या! सगळ्यांनी मिळून न्हाई बांदला!"

"मग मी तिकडं येऊ कशी?" त्यांनी चपला काढल्या, सलवार वर खोचली.

"येऊच नगा, म्याडम! तितनंच माघारी फिरा आन् साहेबाला सांगा, तुमालाबी येता आलं न्हाई!"

प्रेरणाबाईंनी खोचलेली सलवार खाली सोडली. मग त्यांनी चपला पुन्हा पायांत घातल्या.