व्हायोलिनवरची लाख

ही गोष्ट सांगायचं मी फार वर्षं टाळलं. आता सांगतो, कारण शिवाजी पेठेत अजूनही लोक म्हणतात, की माझ्या मित्राची बोटं उतारवयात आखडली. ते खोटं आहे.

नव्वदच्या दशकात पेठेत माझं वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं. मित्र ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचा. त्याचं व्हायोलिन जुनं, इटलीत घडलेलं. संध्याकाळी भडंग खात तो तिथल्या कारागिरांच्या गोष्टी सांगायचा, जणू परवाच जाऊन आलाय.

"एकाच गल्लीत सगळे. खाली कारखाना, वर संसार. बाप पोराला शिकवणार."

"म्हंजे मिरजेची सतारीची गल्लीच की!"

"व्हय! लाकूड डोंगरातनं यायचं, न्हायतर समुद्रापल्याडनं व्हेनिसच्या व्यापाऱ्यांकडं. चर्चला, सरदारांना वाद्यं लागायची. गिऱ्हाईकच न्हाय तर कला कुठली, लेका?" मग हळूच म्हणाला, "आपल्याकडची लाखबी व्हेनिसला उतरायची, म्हाईत हाय?"

मी हरखलोच. लाखेचं पॉलिश म्हणजे माझ्या हातचा मळ!

त्याच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा तारा बदलायला व्हायोलिन माझ्याकडे आलं. आमच्या धंद्याची रीत अशी, की आलेलं वाद्य नवं दिसूनच परत जायला हवं. मी जुनं फिकट व्हार्निश खरवडलं आणि तोंड दिसेपर्यंत लाखेचे थर चढवले. मित्राला न सांगता, आहेर म्हणून.

"आरं, हे तर नवरीपेक्षा नटलंय!" म्हणत त्यानं मला मिठीच मारली.

मांडवात तो वाजवत होता, वऱ्हाड नाचत होतं, मीही नाचलो. पण आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येत होता. त्यानं खुंट्या पिळल्या, हसला आणि वाजवत राहिला.

पुढं तो जास्त रियाज करू लागला. एकदा म्हणाला, "बोटं म्हातारी झाली, गड्या." जाड लाखेनं लाकूड जखडलंय, हे मला कळलं होतं. तरी मी म्हणालो, "वयात व्हतंय असं." त्यानं ऑर्केस्ट्रा सोडला.

काही वर्षांनी सगळं सांगायचं ठरवून मी त्याच्या कळंब्याच्या घरी गेलो. "या पावणं!" तो दारातूनच ओरडला. तांबडा रस्सा ओरपत बसलो, जुन्या फजित्या आठवून ठसका लागेपर्यंत हसलो. त्याच्या गोष्टींतली व्हेनिसची जहाजं पुन्हा एकदा बंदराला लागली. त्या आनंदात माझी जीभ रेटली नाही. त्याच वर्षी दिवाळीआधी तो गेला.

वाटेत घोकून नेलेलं वाक्य एवढंच होतं: तुझी बोटं चांगली हायत, व्हायोलिन मी बिघडवलं, माफ कर, गड्या.