बंद शहराच्या यादीत राहिलेलं बियाणं

मे महिन्यातला शेवटचा रविवार, दुपार. हजर: सासूबाई, मुलगी आणि मी.

मुलीने लावलेल्या मालिकेतली माणसं जमिनीखालच्या बंद शहरात पिढ्यानपिढ्या जगत होती. "आपल्यावर अशी वेळ आली तर?" तिने विचारलं. मी लगेच वहीत यादी केली: तांदूळ, मीठ, औषधं, काडेपेटी.

सासूबाईंनी यादी ऐकली. "अन् बिजाई कुठी हाय व? पेरान काय, तांदूर?"

मुलगी हसली, मी मात्र चरकले. गिरणीत न्यायला सकाळी ओसरीत काढलेल्या धानाच्या पोत्यांत बियाण्याचंही पोतं होतं. धावत गेले. पोती अजून तिथंच होती; बियाण्याचं ओढून बाजूला ठेवलं.

"आता तुझं शहर जगते," सासूबाई म्हणाल्या.

यादीत बियाणं सगळ्यात वर लिहिलं. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासायची मात्र अजून राहिली आहे.