पेंढ्यात गुंडाळलेल्या घंटा

माझा धाकटा भाऊ मित्सुगु लहानपणापासून मारकुटा. शाळेत मास्तरांच्या पोराचे दात पाडले, लाकडाच्या वखारीत मुकादमाचं मनगट मोडलं, आणि एका लग्नाच्या जेवणात सख्ख्या मेव्हण्याच्या डोक्यात साकेच्या दारूची सुरई फोडली. बायको सुजलेला गाल घेऊन माहेरी गेली ती परतलीच नाही. आमच्या किसोच्या दरीत लोक म्हणायचे, मित्सुगुशी बोलायचं तर चार हात लांब उभं राहून. मला मात्र त्याने कधी हात लावला नाही. लहानपणी तो माझ्या पाठीवर वाढला, आणि मीही काही गरीब गाय नव्हते.

त्याची लेक नात्सुए तेवढी त्याच्यापाशी राहिली. शहरात शिकून ती परत आली आणि जुन्या हमरस्त्याने पाहुण्यांना पायी फिरवायचा धंदा तिनेच काढला. खालच्या गावातून निघायचं, वाटेत माझ्या चहाच्या झोपडीत चुलीशी जरा बसायचं, मग घाट चढून पलीकडच्या गावात मुक्काम. हिवाळ्यात गर्दी नसते म्हणून शहरातले लोक मुद्दाम तेव्हाच येतात. बाप पुढे चालायचा, लेक सगळ्यांच्या मागे. वखार बंद पडल्यापासून मित्सुगुला दुसरं काम नव्हतं, आणि त्या पोरीशिवाय माणूसही नव्हतं. तरी तिच्यावर खेकसायचा. ती हसून सोडून द्यायची, आणि मला वाटायचं, कुठवर सोडेल?

घाटात जागोजाग घंटा टांगलेल्या आहेत. येणाराजाणारा वाजवतो, अस्वल आवाज ऐकून बाजूला होतं. पण डोंगरदेवाचा हिवाळी सण झाला की आम्ही त्या घंटा भाताच्या पेंढ्यात गुंडाळतो आणि बर्फ वितळल्यावरच सोडतो. देव निजला, अस्वलं निजली, त्यांची झोप मोडायची नाही. घाटात तेव्हा कोणी मोठ्याने हाकसुद्धा मारत नाही. आमच्या आज्याने हे पाळलं, बापाने पाळलं, आणि ते पाळलं जातंय की नाही हे पाहायला मित्सुगु होताच.

त्या साली जानेवारी सरत आला तरी बर्फ पडला नव्हता. ज्यावर अस्वलं हिवाळ्याआधी पोट भरतात, ते ओकच्या झाडांचं फळ शरदात धरलंच नव्हतं. खालच्या वाडीत झाडांच्या सालीवर नखांचे ओरखडे दिसले, ते लोकांनी पाहिले आणि जुने असतील म्हणून सोडून दिले.

त्या दिवशी सहा पाहुणे होते. माझ्या अंगणात चहा पिऊन सगळे उठले, तेव्हा मित्सुगुला नात्सुएच्या पाठपिशवीला बांधलेली घंटी दिसली.

"ही काढ," तो म्हणाला.

"बाबा, ते ओरखडे ओले आहेत. मी बोट लावून पाहिलंय. वर एखादं जागं आहे."

"हिवाळ्यात घंटी वाजवत जाणार? मला गावात तोंड दाखवायचंय."

"दाखवायला तोंड शाबूत राहायला नको का?" नात्सुए म्हणाली.

नागोयाहून आलेली एक चष्मेवाली बाई हसली. तेवढं पुरलं. मित्सुगुने लेकीच्या कानाखाली अशी वाजवली की तिची टोपी उडून चिखलात पडली. घंटी त्याने पट्ट्यासकट उपटली आणि ओढ्यात भिरकावली.

"लाज सोडलीस का रे?" मी ओरडले. "परक्यांसमोर जाणत्या पोरीवर हात टाकतोस?"

"ताई, तू तुझ्या किटलीचं बघ."

नात्सुएने टोपी उचलली, झटकली. "चला मंडळी, ऊन आहे तोवर चढू," असं ती पाहुण्यांना म्हणाली, पण आवाज तिचा नव्हता. रोज मागे चालणारी पोर त्या दिवशी बापाला ओलांडून पुढे गेली. त्याची पाठसुद्धा तिला पाहवत नव्हती.

मी पेले विसळत होते तोच वरच्या वळणावरून किंकाळी आली. लाकडांच्या ढिगातला एक ओंडका उचलून मी धावले.

फरसबंदीवर नात्सुए पडली होती आणि अस्वल तिच्या अंगावर होतं. मित्सुगुने कमरेचा कोयता त्याच्या मानेत घातला. तो हाडात अडकला. अस्वल गरकन वळलं, छातीवरची पांढरी चंद्रकोर मला दिसली, आणि एका फटक्यात मित्सुगुचा कान लोंबायला लागला. त्याने डावा हात सरळ त्याच्या जबड्यात कोंबला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. उजव्या हाताने कोयता उपसून तो घाव घालत सुटला, मानेवर, डोळ्यांवर, नाकाडावर, आणि शेवटी ते जनावर लेकीच्या पायाशी आडवं झालं.

आडवं झालं तरी तो थांबेना. मेलेल्या अस्वलावर कोयता पडत होता, झाडांना चिकटून उभ्या असलेल्या पाहुण्यांच्या अंगावर रक्त उडत होतं, आणि हातभर अंतरावर पोरीचा अर्धा चेहरा उघडा पडला होता. मी हाका मारल्या. त्याला ऐकूच जाईना. मग मी तो ओंडका त्याच्या पाठीत घातला, होता नव्हता तेवढा जोर लावून.

तो माझ्याकडे वळला. कोयता वर होता. डोळ्यांत ओळख नव्हती.

"मार," मी म्हटलं. "आधी मला मार, आणि मग पोरीला उचल."

कोयता त्याच्या हातातून पडला. एका हाताने उचलणं जमेना, तेव्हा मी माझ्या कमरपट्ट्याने तिला त्याच्या पाठीला बांधलं. मोडका हात लोंबता ठेवून मित्सुगु घाट पळत उतरला. मी मागे पडले.

शिकाऱ्यांनी अस्वल फाडलं. पोटात झाडाची साल आणि माती, बाकी काही नाही.

नात्सुए वाचली. डावा डोळा गेला. इस्पितळात मित्सुगु तिच्या दाराबाहेर बाकावर बसून असायचा, हात प्लास्टरमध्ये, कानावर पट्टी. तिने आत बोलावलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. गावचे एक म्होरके गृहस्थ फळांची करंडी घेऊन आले. "मित्सुगुदादा, तुम्ही रीत पाळलीत. दोष तुमचा नाही," असं म्हणाले. मित्सुगुने प्लास्टरचा हात त्यांच्या तोंडावर मारला. त्यांचा ओठ फाटला, ह्याचं हाड पुन्हा मोडलं, आणि तिथेच त्यांना टाके पडले, ह्याला नवं प्लास्टर.

दुसऱ्या दिवशी नात्सुए मला म्हणाली, "आत्या, बाबांना आत पाठव. तू पण थांब."

तो आत आला आणि जमिनीवर बसून त्याने कपाळ फरशीला टेकवलं. जन्मात कोणापुढे वाकला नव्हता.

"मी त्याचे तुकडे केले, नात्सुए," तो म्हणाला. "एक हाड धड ठेवलं नाही. तुझ्या अंगावर आलं ते."

नात्सुए एका डोळ्याने त्याच्याकडे पाहत होती.

"ते उपाशी होतं, बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला काय झालं होतं?"

त्याने डोकं वर केलं नाही. वसंतात ती आईच्या गावी राहायला गेली, आणि मी तिला थांब म्हटलं नाही.